जिची किंकाळी होती ती

माझ्या नणंदेला घरात सगळे ढाण्या म्हणायचे. मुलीला असलं नाव कोणी ठेवतं का, असं मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर सासऱ्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मुलगी कुठाय? तो वाघ आहे," म्हणाले आणि पान उलटलं. लहानपणी गल्लीच्या टोकाच्या बंद गोदामात भूत आहे म्हणून सगळी पोरं बाहेर उभी राहून किंचाळत होती, तेव्हा ही खिडकीतून आत उतरली, सगळं गोदाम फिरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "भूत जेवायला गेलंय, नंतर या." तेव्हापासून ढाण्या.

तिच्या शौर्याचे पोवाडे मी गाणार नाही. शूर म्हणवून घ्यायला आधी भीती वाटावी लागते, आणि हिला ती वाटायचीच नाही. ओल्या हाताने बटणं दाबायची. दारू पिऊन रस्त्यात आडव्या पडलेल्या धटिंगणाला पायाने ढोसून "घरी जा, बायको वाट बघतेय" म्हणायची. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे तिच्या दादाचा, जीव खालीवर व्हायचा. "हिला कोणीतरी थोडी भीती उसनी द्या रे," तो म्हणायचा. पुढे काय होणार आहे हे माहीत असतं तर त्याने जीभ चावली असती.

शाळा संपल्यावर तिने पुढे शिकायला साफ नकार दिला. लग्नालाही. मोठ्या इस्पितळात मदतनीस म्हणून लागली आणि या विभागातून त्या विभागात फिरत फिरत तळघरात पोचली. तिथे एक डॉक्टर माणसाच्या मेंदूत भीती कशी तयार होते याचा अभ्यास करत होते. दारावर भलंमोठं शास्त्रीय नाव लिहिलं होतं, पण सगळं इस्पितळ त्या खोल्यांना भुताटकी म्हणायचं. वॉर्डबॉय खाली सामान पोचवायला कुरकुर करायचे. आमची ढाण्या तिथे रमली.

काम साधंच. अभ्यासासाठी जी माणसं स्वखुशीने येत, त्यांना खुर्चीत बसवायचं, दोन बोटं पुसून त्यांना धातूच्या बारीक चकत्या चिकटवायच्या, डोक्यावर भोकाभोकांची रबरी टोपी चढवायची आणि प्रत्येक भोकात थंडगार चिकट मलम भरायचं. मग माणूस आत पडद्यासमोर बसणार आणि डॉक्टर काचेपलीकडे. सगळं झालं की त्या टोप्यांतलं मलम दात घासायच्या ब्रशने खरवडून काढायचं आणि टोप्या दोरीवर वाळत घालायच्या. मी एकदा बघायला गेले तेव्हा ओळीने लोंबणाऱ्या टोप्या पाहून वाटलं, पोहणाऱ्यांची शाळा सुटलीय आणि मुलं मात्र बुडालीत.

प्रयोगही फार अवघड नव्हता. पडद्यावर कधी निळा चौकोन यायचा, कधी पिवळा. पिवळ्यानंतर काही नाही. निळ्यानंतर मात्र मधूनमधून कानात एक भयंकर किंकाळी. थोड्याच वेळात माणसाची अशी गत व्हायची, की किंकाळी असो नसो, निळा चौकोन दिसला रे दिसला की बोटांना घाम फुटायचा. तो घाम चकत्यांमधून यंत्रात जायचा आणि यंत्र डोंगर काढायचं. पिवळ्याला सपाट, निळ्याला डोंगर. मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या रेषेत, बदामाएवढा एक एक गोळा असतो. तो हे सगळे उद्योग करतो, आपल्याला विचारतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणायचे, तो गोळा विचार करत नाही, फक्त लक्षात ठेवतो.

सुरुवातीला ती किंकाळी कुठूनतरी विकत आणलेली होती. नाटकी. लोक ती ऐकून हसायचे आणि यंत्र सपाट रेघ काढायचं. डॉक्टर वैतागले. एक दिवस टोप्या घासता घासता ढाण्या म्हणाली, "डॉक्टर, मी ओरडू का?"

"ओरडता येतं तुम्हाला?"

"कधी ओरडले नाही. बघू या की."

सामानाच्या खोलीत तिला ध्वनियंत्रासमोर उभं केलं. ती ओरडली. जिन्यावरून वॉचमन किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत धावत खाली आला. त्याला वाटलं, कुणाचातरी गळा कापला. डॉक्टरांच्या हातातला कप सांडला. दुसऱ्यांदा ओरडायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून भुताटकीत आलेला प्रत्येक माणूस ढाण्याच्या किंकाळीला घाबरला. पुढे दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या देशांतल्या प्रयोगशाळांनीही ती मागवून घेतली.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. ढाण्याला टोमणा मारायला एवढं पुरायचं. "वहिनी, माझा आवाज लोकांच्या मेंदूत शिरतो. तुझा तिसऱ्या बाकापर्यंत तरी जातो का गं?"

"माझ्या आवाजाने मुलं निदान झोपतात तरी. तुझ्या आवाजाने त्यांची झोप उडते."

"म्हणजे मी जागृती करते!" आणि खो खो हसायची. तिचं हसणंही किंकाळीच्याच जातीचं होतं. शेजारी दार उघडून बघायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका सकाळी ती नेहमीसारखी कामाला गेली आणि माझा चहा संपायच्या आत परत आली. चेहरा भिजलेला. घाम होता.

"काय गं?"

"लिफ्ट बंद होती."

"मग जिना होता ना?"

"जिनाही बंद होता."

मी कप खाली ठेवला. "जिना कसा बंद असेल?"

ती चप्पल न काढता तशीच खुर्चीत बसून राहिली.

कारण काय, असं मला त्यानंतर शंभर जणांनी विचारलं असेल. कारण नव्हतं. कोणी तिच्या अंगावर धावून गेलं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं, कसला धक्का नाही, अपघात नाही. मलाही आधी वाटलं, काहीतरी लपवतेय. खोदखोदून विचारलं. "अगं, असतं तर सांगितलं नसतं का? मीच शोधतेय," ती म्हणायची. गोष्टींमध्ये माणूस घाबरतो त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. खऱ्या आयुष्यात एखाद्याच्या डोक्यातला तो बदामाएवढा गोळा एक दिवस आपला आपण किंचाळायला लागतो आणि मग गप्प बसत नाही. एवढंच.

आधी लिफ्ट गेली, मग जिना, मग रस्ता ओलांडणं. भुताटकीत तिने कुणाला कळू दिलं नाही. कशी देणार? तिथे तिला वाघ म्हणून ओळखत होते. गुडघे दुखतात असं सांगून तिने वेळेआधीच नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी तिचा दादा तिला हाताला धरून पोचवायला गेला, आणि सगळ्यांना वाटलं, बिचारीचे गुडघे खरंच गेले.

गोळ्या झाल्या. एकीने दिवसभर झोपायची, दुसरीने हात थरथरायचे, तिसरीने वजन वाढलं आणि भीती तेवढीच राहिली. एक बाई बोलून बरं करणाऱ्या होत्या. त्यांनी श्वास मोजायला शिकवलं, आज दारापर्यंत, उद्या पायरीपर्यंत, परवा फाटकापर्यंत असं शिकवलं. ढाण्या प्रामाणिकपणे करायची. फाटकापर्यंत पोचायचीही. मग एखाद्या दिवशी पुन्हा दारापाशीच अडकायची, आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी त्या बाईच गाव सोडून गेल्या.

ही सगळी उस्तवार चाललेली असताना मी भीतीवाल्या डॉक्टरांना फोन लावला होता. ते निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "तुम्ही जन्मभर भीतीचा अभ्यास केलात. आता हिचं काय करू ते सांगा."

 

"बाई," ते म्हणाले, "भीती येते कशी ते आम्ही बघत होतो. जाते कशी ते पुढच्यांवर सोडलं होतं." मग म्हणाले, "मेंदू भीती पुसत नाही हो. तिच्यावर नवा कागद चिकटवतो. कागद सुटला की खाली ती असतेच." त्यांचा आवाज इतका थकला होता, की मी फोन ठेवून दिला.

माझा नवरा गेला त्या दिवशी ढाण्या बाहेरच्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. सगळे निघाले, तरी तिचा हात कडीवरच. मी परत आले तेव्हाही ती तिथेच उभी होती. तिचा दादा तिच्याशिवाय गेला.  आता वयाने वाकलेल्या आम्ही दोघी आणि मागे-पुढे खोल्या, एवढंच घर उरलं.

तिच्याबरोबर राहणं सोपं नाही. साधुत्वाचा आव मी आणणार नाही, मी चिडते. गॅस बंद आहे का, हे ती विचारते. बंद आहे म्हटलं की नक्की का विचारते. फोन वाजला की दचकते, आणि नाही वाजला तर का वाजत नाही म्हणून बसून राहते. मी भाजी आणायला गेले की खिडकीत उभी.

"उशीर का केलास? मला वाटलं, मेलीस."

"अजून नाही."

"पण वाटलं ना मला. वाटणं खोटं का?"

 वाटणं खोटं नसतंच. तिच्या बोटांचा घाम मी पुसलाय.

आता माझी गोष्ट आली म्हणून सांगते. माझा उजवा खुबा झिजला आहे. हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं, बदलून घ्या, आता टाळाल तर अंथरूण धराल. म्हणजे इस्पितळात राहणं, आणि नंतरही बरेच दिवस दुसऱ्याच्या हातून सगळं. मी इस्पितळात असताना ढाण्या घरात एकटी राहू शकत नाही. माझ्यासोबत इस्पितळात येऊ शकत नाही. घरात परकी बाई ठेवली तर तिलाच घाबरते; दोनदा ठेवून पाहिली, दोन्ही वेळा ही न्हाणीघरात कडी लावून बसली. माझा मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, "आई, आत्याला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू या." त्याने फोटो पाठवले. स्वच्छ खोल्या, खिडकीत कुंड्या. मी तिला पहिलाच फोटो दाखवला, तर तिचे ओठ पांढरे पडले. "ठेवा," ती म्हणाली, "पण आधी मला मारा." मी फोटो पुसून टाकले.

पण पुसून काय होतंय? माझ्यानंतर हिचं काय, हा प्रश्न उशाशीच असतो.

अशात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याच मोठ्या इस्पितळात नवा उपचार सुरू होतोय. कपाळामागचा मेंदूचा भाग भीतीला लगाम घालतो. तो भाग ढिला पडला असेल तर डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन त्याला जागं करायचं. कापाकापी नाही, भूल नाही. गोळ्यांनी ज्यांचं काही झालं नाही अशांनाच घेणार होते, आणि थोड्याच जणांना. आधी एक चाचणी. बोटांचा घाम मोजणार. ज्यांच्या घामाचा डोंगर ठरावीक उंचीच्या वर जाईल तेच आत, कारण उपचाराने डोंगर किती खाली आला हेच तर त्यांना पाहायचं होतं. ज्याचा मुळात डोंगरच नाही त्याचं काय कमी करणार?

"माझा जाईल," ढाण्या म्हणाली. "माझा ढगात जाईल." कित्येक महिन्यांत तिने केलेला हा पहिला विनोद. मीही आशेला लागले. कबूल करायला कशाला लाजू? मनातल्या मनात मी खुब्याची तारीखसुद्धा धरली.

जायच्या दिवशी टॅक्सी दाराला लावून घेतली. मागच्या सीटवर ती माझ्या मांडीत डोकं खुपसून, वर माझी शाल ओढून पडून राहिली. वाटेत पिशवीत ओकली. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

"आजींना काय होतंय?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"तेच मोजायला चाललोय. तुम्ही पुढे बघून चालवा."

तळघर आता राहिलं नव्हतं. नवी इमारत, पांढऱ्या भिंती, थंड हवा. तिथे एक उंच, चष्मेवाली संशोधक मुलगी होती. स्वभावाने गोड. ढाण्याला तिने पाणी दिलं, घाई केली नाही. बोटं पुसली, चकत्या चिकटवल्या. "आजी, आत पडद्यावर चित्रं दिसतील, कानात आवाज येतील. कसले ते मला आधी सांगता येत नाही, तसा नियमच आहे. नको वाटलं तर हात वर करा." ढाण्याने मान हलवली. दात वाजत होते. आत जाताना माझ्याकडे असं वळून पाहिलं, जसं पोर शाळेच्या पहिल्या दिवशी पाहतं.

मला काचेपलीकडे, त्या मुलीशेजारी बसवलं. आवाज मला ऐकू येत नव्हता. समोर ढाण्या, आणि बाजूच्या पडद्यावर तिची रेघ. पिवळा चौकोन आला. निळा आला. ढाण्याचे खांदे वर गेले. मला वाटलं, आता हात वर करते. पण तिने डोकं एका बाजूला कलतं केलं. चोरून ऐकल्यासारखं. पुन्हा निळा. तिच्या तोंडावर काहीतरी हललं. पुन्हा निळा आला, आणि आमची ढाण्या हसली. ओठ दाबून, पोट धरून, खांदे गदगदा हलवत. मी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, अजून ठोके दिले नाहीत तोच ही बरी व्हायला लागली.

चष्मेवाली मात्र पडद्याजवळ वाकली होती. रेघ सपाट होती. निळ्यालाही, पिवळ्यालाही. टेबलावर फडकं अंथरल्यासारखी.

"यांचे हात कोरडे पडलेत," ती म्हणाली.

दार उघडल्यावर ढाण्या चकत्यांच्या तारा ओढतच बाहेर आली. "वहिनी! अगं, माझीच! अजून माझीच लावतात! शेवटी वॉचमनच्या किल्ल्यासुद्धा वाजतात बघ!" गाल लाल झाले होते. ती पुन्हा ती होती, तळघरातली.

चष्मेवालीला काही कळेना. मी सांगितलं. तिने कानाला लावून किंकाळी पुन्हा ऐकली, डोळे मिटून. मग हळूच डोळे उघडले. "हो. किल्ल्या आहेत," ती म्हणाली. फाईलवर नुसता आकडा होता. कुणाचा आवाज, कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्हालाही कुठे सुचलं होतं? इतकी वर्षं झाली, नवी इमारत, नवी माणसं. आवाजही नवा असेल असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. त्यावर बोलणंसुद्धा झालं नव्हतं.

विभागाचे प्रमुख आले. तरुण, नम्र गृहस्थ. त्यांनी ढाण्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. "अहो, तुमच्या आवाजावर आम्ही सगळे पीएचडी झालोय!" ढाण्या लाजली. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हाच समजलं.

"प्रतिसाद आला नाही म्हणून त्यांना घेता येत नाही," ते म्हणाले.

"प्रतिसाद कसा येईल? स्वतःच्या आवाजाला कोण घाबरतं?"

"बरोबर आहे. पण आवाज ओळखीचा आहे म्हणून तर मुळीच घेता येत नाही. ज्यांना प्रयोग आधीपासून माहीत आहे त्यांना वगळायचं, असं ठरलंय."

"मग दुसरा आवाज लावा. कुत्रा भुंकवा. मी ओरडते, लावा यंत्र, माझी आत्ता या क्षणी तयारी आहे."

"आजी, सगळ्यांना एकच आवाज हवा. नाहीतर एकाची दुसऱ्याशी तुलना कशी करणार?"

 जन्मभर हेच मी फळ्यावर लिहीत आले. नमुना सारखा हवा, मोजमाप सारखं हवं, आपल्या सोयीने एखाद्याला आत घ्यायचं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही ढाण्याला वगळलं असतं आणि त्या रात्री शांत झोपले असते. तो माणूस लबाड असता तर मला भांडता आलं असतं. तो बरोबर होता.

"अभ्यासाबाहेर द्या मग. पैसे घ्या."

"अभ्यासाबाहेर अजून परवानगीच नाही. उपयोग होतो की नाही हेच ठरायचंय." मग खाली बघत म्हणाले, "काही वर्षांनी कदाचित."

काही वर्षांनी. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहून हे म्हटलं, आणि म्हणताना त्यांनाही लाज वाटली असावी, कारण त्यांनी लगेच चहा मागवला.

ढाण्या सगळं ऐकत होती. गालांची लाली हळूहळू उतरत गेली. "म्हणजे मला घेत नाहीत," ती म्हणाली. "हो ना, वहिनी?"

"नाही घेत."

"मी घाबरले असते तर घेतलं असतं."

"हो."

"एरवी तर पंख्याला घाबरते मी."

चहा कुणी प्यायला नाही. प्रमुखांना बहुधा काहीतरी बरं करावंसं वाटलं. म्हणाले, "आजी, आता आलाच आहात, तर एक विनंती करू? जुना आवाज फार खरखरतो. पुन्हा एकदा ओरडाल? या वेळी फाईलवर तुमचं नाव घालू."

मी नको म्हणणार होते, पण ढाण्या उठली होती. तिला बंद खोलीत ध्वनियंत्रासमोर उभं केलं. तिने दोन्ही पाय नीट रोवले. मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा तोंड उघडलं. किटलीतली वाफ सुटावी तसा बारीक आवाज आला आणि थांबला. चष्मेवाली म्हणाली, "थोडं मोठ्याने, आजी." तिने पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे फाटले. ज्याने तो चेहरा पाहिला त्याला किंकाळी ऐकायची गरज नव्हती. आवाज मात्र नाही.

"घसा बसलाय," ढाण्या म्हणाली.

परत येताना तिने शाल ओढून घेतली नाही. खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. पण टॅक्सी दाराशी थांबली तेव्हा तिला खाली उतरता येईना. आपल्याच घराच्या पायरीवर पाय ठेवता येईना. टॅक्सीवाल्याने आणि मी धरून तिला आत नेलं. माझा खुबा तेव्हा असा लचकला, की मी भिंतीला टेकून बराच वेळ उभी राहिले.

संध्याकाळी तिने विचारलं, "कागदावर काय आलं गं? मी घाबरत नाही, असं?"

"असंच."

"दादाला आवडलं असतं."

हाडांच्या डॉक्टरांचा फोन येतो. तारीख विचारतात. मी कळवते म्हणते. काय कळवणार? हल्ली काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते आणि येते. पुढे तेही होणार नाही. आत्ता हे लिहितानाही पाय उशीवर ठेवावा लागलाय.

कधी कधी वाटतं, या क्षणी कुठल्यातरी गावात कोणीतरी खुर्चीत बसलंय. समोर निळा चौकोन आलाय आणि कानात आमची ढाण्या किंचाळतेय, तरुण, दणदणीत, मागे वॉचमनच्या किल्ल्या. तो माणूस घाबरतो, त्याचा डोंगर निघतो, कोणीतरी त्याची बोटं पुसतं आणि तो उठून घरी जातो.

"वहिनी, गॅस बंद आहे ना?" आतल्या खोलीतून आवाज येतो.

"बंद आहे."

"नक्की?"

काठी हाताशी ओढते. बघून येते.